वसईचे संत गोन्सालो गार्सिया : अष्टौ प्रहरांचा नेम

महाशिवरात्रीचे पर्व जवळ आले की वसई परिसरातील भाविकांची पावले तुंगारेश्वराच्या डोंगराकडे वळू लागतात. गतवर्षी याच सुमारास गोखिवरे येथे माझी दोन दिवसांची कीर्तनसेवा झाली. वसई रोड स्थानकाकडून महामार्गाकडे जाताना लागणारे हे गाव आता कारखान्यांच्या गाळ्यांनी आणि उंच इमारतींनी वेढले गेले आहे. तरी सायंकाळी टाळ वाजू लागला की घराघरांतून माणसे येऊन बसतात. पहिल्या दिवशी पूर्वरंगाला मी नित्य उपासना हा विषय घेतला होता. शिवरात्रीच्या चार यामांच्या चार पूजा, प्रत्येक यामाचे निराळे द्रव्य, निराळा अभिषेक, हे सर्व सांगून वर्षातून एक रात्र जागणाऱ्याने उरलेल्या दिवसांचाही विचार करावा, असे निरूपण केले.

आरती झाल्यावर साठीच्या आसपासच्या एक गृहिणी नमस्काराला आल्या. त्यांनी फार नम्रपणे विचारले की, बुवा, हे सारे खरे. परंतु पहाटे चारला उठून चार माणसांचे डबे करायचे, मुलगा आणि सून विरार गाडी गाठायला निघाली की नातवंडांची शाळा, मग पाणी, मग बाजार, आणि रात्री अकराला सर्वांत शेवटी अंथरूण. यात देवापुढे बसायचे केव्हा? मी सावता माळ्याचे मळ्यातील भजन सांगितले, गोरोबांचे चिखल तुडवणे सांगितले. त्यांनी मान डोलावली, परंतु त्यांचे समाधान झाले नाही हे मला दिसले. काम करता करता देव आठवावा, हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक होते. त्यांना हवी होती ती रीत, म्हणजे केव्हा, किती आणि कसे ते. मजपाशी त्या क्षणी उत्तर नव्हते. चाळीस वर्षे कीर्तने करणाऱ्या माणसाला ही कबुली देताना संकोच वाटतो. आणि खरे सांगायचे तर एस.टी.च्या प्रवासात माझी स्वतःची सायंसंध्या कित्येकदा चुकली आहे. काल टळल्याबद्दल प्रायश्चित्ताचे एक अर्घ्य अधिक द्यावे, अशी सोय शास्त्राने ठेवली आहे खरी. ती सोयच मी नित्याची करून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोकळा वेळ होता म्हणून वसईचा किल्ला पाहावयास गेलो. तटाच्या आत पोर्तुगीजांच्या पडक्या इमारती झाडीत उभ्या आहेत. त्यांत जेझुइट पाद्र्यांचे जुने चर्च आहे. याच पाद्र्यांच्या पाठशाळेत शिकलेल्या एका मुलाचे नाव तेथे उभा असताना मनात आले, आणि आदल्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या चरित्रात असल्याचे जाणवले. ते चरित्र आज या पानावर मांडतो.

शिवरात्रीच्या पानावर ख्रिस्ती साधूची कथा कशासाठी, असे काही वाचकांच्या मनात येईल. ते स्वाभाविक आहे. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि पुढली दोनशे वर्षे या प्रांतातील हिंदूंनी फार सोसले. देवळे पाडली गेली, तीर्थे उजाड झाली, उघड पूजाअर्चेवर बंधने आली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा कुठे हा प्रदेश मोकळा श्वास घेऊ लागला. वज्रेश्वरीला केलेला नवस त्यांनी त्यानंतर फेडला, हे आपल्या घराघरांत सांगितले जाते. यातले काही विसरावे असे मी सुचवीत नाही. परंतु ज्यांची कथा मी सांगतो ते गोन्सालो गार्सिया त्या राज्यात जन्मले एवढेच. तेथे त्यांनी कोणावर सत्ता गाजविली नाही. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास ते वसईच्या बंदरातून बाहेर पडले. पुढे एका परक्या राजसत्तेने त्यांनाच त्यांच्या उपासनेसाठी शासन केले.

त्यांचा जन्म १५५६-५७ च्या सुमाराचा. वडील पोर्तुगीज, माता याच भूमीतली. म्हणजे घरात दोन भाषा आणि दोन रीती लहानपणापासून होत्या. फ्रान्सिस झेवियर हे जेझुइट संघाचे प्रसिद्ध धर्मोपदेशक वसईला येऊन गेले होते आणि १५४९ मध्ये जपानला पोहोचले होते. त्यामुळे वसईच्या पाठशाळेत जपान हे नाव वरचेवर निघत असणार. १५७२ च्या सुमारास पाद्र्यांच्या सोबतीने गोन्सालो जपानला गेले. मुलाचे वय कोवळे, जीभ वळणारी. थोड्याच काळात ते जपानी भाषा अशी बोलू लागले की परकीयांत तसे बोलणारे विरळा. सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. पाद्र्यांनी सांगावे आणि यांनी ते लोकांच्या बोलीत समजावून द्यावे, असा तो क्रम होता. कीर्तनकाराला हे काम फारसे परके वाटणार नाही.

त्यांची इच्छा होती संघात दीक्षित होण्याची. ती पुरी झाली नाही. त्या काळी भारतीय रक्ताच्या तरुणाला त्या संघाची दारे सहज उघडत नसत. ज्यांच्यासाठी आठ वर्षे जीभ झिजवली त्यांच्याच पंक्तीला पान नाही, याचे दुःख विशीतल्या तरुणाला किती झाले असेल! त्यांनी जेझुइटांचा निरोप घेतला आणि व्यापार आरंभिला.

व्यापारात त्यांना यश आले. चीनचे रेशीम जपानला जावे आणि जपानची चांदी उलट यावी, असा तो काळ होता. मकावचे पोर्तुगीज त्यावर धनवान झाले होते. अशा बाजारात जपानी भाषा उत्तम जाणणारा आणि शब्दाचा पक्का माणूस मागे राहता ना. त्यांचा व्यवहार विस्तारला, माणसे जोडली गेली. महाभारताच्या शांतिपर्वात वाराणसीच्या तुलाधार वाण्याची कथा आहे. डोक्यावर पक्ष्यांनी घरटी बांधेपर्यंत निश्चल उभे राहून तप करणारा जाजली मुनी शेवटी धर्म शिकायला या वाण्याच्या दुकानी येतो. तराजूची दांडी सर्वांसाठी सारखी धरणे हीच त्या वाण्याची साधना. म्हणून व्यापार सोडल्यावाचून देव भेटत नाही, असे आपले शास्त्र मानीत नाही. गोन्सालोंनी मात्र व्यापार सोडला. दुकान वाईट म्हणून त्यांनी ते टाकले असे मला वाटत नाही. त्यांना बांधून घ्यायचे होते. स्वतःच्या सोयीने कधी केली, कधी राहिली, अशी उपासना त्यांना पुरेनाशी झाली असावी.

ते फिलिपिन्स बेटांतील मनिला येथे गेले. तेथे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या पंथाचे अनवाणी साधू होते. हा फ्रान्सिसही कापडाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तेराव्या शतकाच्या आरंभी घरची दौलत सोडून भिक्षेवर राहिलेला. त्या पंथात गोन्सालोंना प्रवेश मिळाला, तो पुरोहित म्हणून नव्हे, तर साधा बंधू म्हणून. चर्चमध्ये मुख्य विधी चालविण्याचा अधिकार या बंधूला नसे. स्वयंपाक, झाडलोट, रोग्यांची शुश्रूषा, निरोप पोचविणे, ही त्याची कामे. ज्याच्या हाताखाली काल माणसे होती तो आज सर्वांच्या हाताखाली आला. शिवाय फ्रान्सिसच्या नियमाप्रमाणे नाण्याला स्पर्श करावयाचा नाही, स्वतः नाही आणि दुसऱ्याच्या हातूनही नाही. ज्याच्या हातांनी वर्षानुवर्षे चांदी मोजली, त्याच्यासाठी हा नियम कसा होता ते व्यापारी वाचकांनीच सांगावे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १२२३ मध्ये मान्य झालेल्या या पंथाच्या नियमावलीत उपासनेचा एक विलक्षण प्रबंध आहे. पुरोहितांनी दिवसाच्या ठराविक वेळी स्तोत्रग्रंथातील पाठ म्हणावेत, आणि साध्या बंधूंनी त्या त्या वेळी येशूने शिष्यांना शिकविलेली प्रभूची प्रार्थना मोजून म्हणावी. रात्रीच्या उपासनेला चोवीस वेळा. पहाटेच्या स्तवनाला पाच. मग सूर्योदयापासून मोजलेल्या पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासाला प्रत्येकी सात. म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे सकाळी सुमारे सहा, नऊ, दुपारी बारा आणि तीन. सायंकाळी बारा, आणि निजण्यापूर्वी पुन्हा सात. एकूण शहात्तर. भाग आठ. आपले अष्टौ प्रहर येथे कोणाला आठवले तर नवल नाही, जरी त्यांचे आठ भाग आपल्या प्रहरांसारखे समान अंतराचे नाहीत.

या प्रबंधातील शहाणपण मला किल्ल्यातच उमगू लागले. बंधूला ग्रंथ लागत नाही, आसन लागत नाही, दिवा लागत नाही. पाठ प्रार्थना लहान आहे, ती सर्वांना तोंडपाठ आहे. शेतात असो, चुलीपाशी असो, रोग्याच्या उशाशी असो, वेळ झाली की जेथे आहे तेथे आरंभ करायचा आणि संख्या पुरी झाली की पुन्हा काम हाती घ्यायचे. संख्याही अशी बेताची बांधलेली की दुपारच्या गर्दीत सात आणि रात्रीच्या शांततेत चोवीस. ज्याने हे आकडे ठरविले त्याला कष्टकरी माणसाचा दिवस ठाऊक होता. त्याच नियमावलीत श्रमाविषयीही सांगितले आहे, ते असे की बंधूंनी निष्ठेने काम करावे, परंतु प्रार्थनेची ज्योत विझेल इतके कामाने व्यापून जाऊ नये. कामाला आणि जपाला एकाच ठिकाणी बसविलेले असे वचन माझ्या वाचनात थोडेच आले आहे.

पंथात शिरल्याने गोन्सालोंना निवांतपणा लाभला अशी कोणाची समजूत असेल तर ती चुकीची ठरेल. व्यापारात नव्हती एवढी धावपळ आता मागे लागली. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ मध्ये ख्रिस्ती धर्मोपदेशकांना देश सोडण्याची आज्ञा केली होती; ती कसोशीने अमलात आली नाही, परंतु डोक्यावरची तलवार राहिली. १५९३ मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराने पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन साधूला वकील म्हणून हिदेयोशीकडे पाठविले. बाउतिस्ता थोर मनुष्य, परंतु जपानी भाषा येईना. म्हणून दुभाषी म्हणून गोन्सालो बरोबर गेले. वीस वर्षांपूर्वी शिकलेली ती भाषा आता उपयोगी पडली. एका शब्दाच्या चुकीने दरबारात काय घडेल याचा नेम नाही, अशा ठिकाणी प्रत्येक वाक्य यांच्या मुखातून जावयाचे. वसईच्या मुलाने जपानच्या अधिपतीसमोर उभे राहून स्पेनच्या वतीने बोलावे, हा योग इतिहासात दुर्मीळच म्हणायचा.

त्यानंतर या साधूंना क्योतो येथे राहण्याची मुभा मिळाली. तेथे त्यांनी मठ आणि चर्च बांधले, आणि दोन रुग्णालये उघडली. ज्यांना घरचे लोकही शिवत नसत अशा महारोग्यांना तेथे आश्रय होता. गवंड्याशी बोलायचे तर गोन्सालो, अधिकाऱ्याकडे अर्ज न्यायचा तर गोन्सालो, रोग्याची व्यथा पाद्र्याला कळवायची तर गोन्सालो. नव्या साधूंना भाषा येईपर्यंत साऱ्या मठाची जीभ जणू एकाच्या तोंडात होती. आणि याच दिवसात ते आठ भाग, त्या शहात्तर प्रार्थना बसवायच्या. काम संपल्यावर उरलेला वेळ देवाला द्यायचा असा तेथे विचारच नव्हता, कारण काम संपतच नसे. आधी आठ खुंट्या ठोकलेल्या, मग त्यांवर कामाचे कापड पसरलेले. आपण उलट करतो. कापड आधी पसरतो आणि मग खुंटीला जागा शोधतो.

पुढचा भाग दुःखाचा आहे. १५९६ च्या शरद ऋतूत मनिलाहून मेक्सिकोला निघालेले सान फेलिपे नावाचे मोठे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांतात किनाऱ्याला लागले. त्यावरील माल जप्त झाला. त्या वादात जहाजावरच्या कोणी तरी बढाई मारली की स्पेनचा राजा आधी धर्मोपदेशक पाठवितो आणि मग फौज. हिदेयोशी संतापला. येथे न्यायाने बोलले पाहिजे. ही भीती निराधार होती असे वसईच्या माणसाने म्हणू नये. क्रूसामागून तोफा येतात हे आपल्या पूर्वजांनी पाहिले होते. परंतु शिक्षा झाली ती तोफा आणणाऱ्यांना नव्हे. महारोग्यांच्या जखमा धुणाऱ्यांना झाली. राजकारणाचा हिशेब निरपराध्यांच्या माथी फेडला जातो, हे सर्व देशांत घडत आले आहे.

डिसेंबर १५९६ मध्ये मठाला पहारा बसला. बाउतिस्ता, गोन्सालो आणि त्यांचे सोबती धरले गेले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट आणि बाकीचे जपानी गृहस्थ व मुले. सर्वांत लहान लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा. १५९७ च्या जानेवारीच्या आरंभी क्योतो येथे प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा छाटण्यात आला आणि गाड्यांत घालून नगरातून धिंड काढली गेली. मग भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत सुमारे आठशे किलोमीटरची वाटचाल झाली. निघाले तेव्हा चोवीस होते; वाटेत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे पकडले जाऊन सव्वीस झाले.

चार आठवड्यांच्या या वाटचालीचा मी पुष्कळ विचार केला आहे. व्यापार गेला होता, मठ गेला होता, रुग्णालय गेले होते, दुभाषाचे कामही सरले होते. ज्या कामांतून वेळ काढावा लागे ती सगळी कामे राजाज्ञेने काढून घेतली. उरले दिवसाचे आठ भाग, आणि ते पाळायला काही साहित्य लागत नव्हते. हात बांधलेले असले तरी मोजणी होते. एखाद्याने आयुष्यभर देवघरातच पूजा केली आणि एके दिवशी देवघर गेले, तर त्याचे काय उरेल, हा प्रश्न त्या दिवशी मी स्वतःलाही विचारला. माझी पोथी, माझी पितळी उपकरणी, माझे सोवळे, यांवाचून मला संध्या जमेल काय?

५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे केले गेले. स्तोत्रे गात आणि प्रार्थना म्हणत त्या सर्वांनी भाल्यांचे घाव घेतले. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर होते. वसई सोडून पंचवीस वर्षे झाली होती.

१६२७ मध्ये रोमच्या धर्मपीठाने त्यांना धन्यवादित पदवी दिली आणि १८६२ च्या ८ जूनला सव्वीस जणांची संतपदी प्रतिष्ठा झाली. भारतात जन्मलेल्यांत कॅथॉलिक चर्चने संत म्हणून गौरविलेले ते पहिले. वसईजवळ गास येथे त्यांच्या नावाचे चर्च आहे, वसईत महाविद्यालय आहे; तिकडे नागासाकीच्या टेकडीवर १९६२ मध्ये सव्वीस जणांचे स्मारक आणि संग्रहालय झाले. फेब्रुवारीच्या ६ तारखेला त्यांचे स्मरण चर्चच्या पंचांगात येते, आणि बहुधा त्यानंतर थोड्याच दिवसांत आपली शिवरात्र असते.

किल्ल्यावरून परतलो त्या सायंकाळी ठरलेले आख्यान बाजूला ठेवून मी गोखिवऱ्याच्या श्रोत्यांना हीच कथा सांगितली. काहींच्या कपाळावर आरंभी आठी होती, हे मला दिसत होते. शहात्तरांचा हिशेब आला तेव्हा मंडपात शांतता पसरली. कीर्तन संपल्यावर त्या गृहिणी पुन्हा आल्या. त्यांनी विचारले की, बुवा, पंचाक्षरीचा जप असा मोजून केला तर चालेल काय, आणि माळ हातात नसली तर? मी सांगितले की बोटांची पेरे ही देवाने दिलेलीच माळ आहे, तिला करमाला म्हणतात. त्यांनी तेथेच उभ्या राहून पेरांवर मोजून पाहिले. पहाटे गॅस पेटविताना पाच होतील, दुपारी नळाचे पाणी भरताना सात होतील. चोवीसांचे रात्री पाहू, असे म्हणून त्या प्रसादाचे ताट उचलायला वळल्या.